चाळीस रुपयांचं पाणी आणि सहा वर्षांचा संप

वाचक विचारतात

शाळेच्या पुस्तकांत कोकणातली तीच चार-पाच नावं फिरत राहतात. ज्यांच्यामुळे या राज्याचे जमिनीचे कायदे, पाणवठे आणि शाळा बदलल्या त्या बाकीच्या माणसांचं काय, असं मी या सदरात मागं विचारलं होतं. त्यावर रोह्यापासून कणकवलीपर्यंतची आणि तिकडे डहाणूकडचीही पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न घेते. सगळ्यांना सारखी जागा देता आलेली नाही, कारण काही उत्तरं मला लांबवावीशीच वाटली.

बाई, आमच्या आठवीला ‘महाराष्ट्र घडवणारी, पण विस्मरणात गेलेली माणसं’ असा प्रकल्प दिला होता. वह्या तपासल्या तर सगळीकडे टिळक, सावरकर, कान्होजी आंग्रे आणि महर्षी कर्वे. ही माणसं थोर आहेत, पण विस्मरणात कुठं गेलीत? रायगड जिल्ह्यातलं एखादं असं नाव सांगा, जिथं मुलांना प्रत्यक्ष नेता येईल. (एक शिक्षिका, रोहा)

नारायण नागू पाटील. मुलांना एसटीत बसवा आणि अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळच्या चरी गावाला घेऊन या.

मुलांना आधी खोती समजावून सांगावी लागेल. मुळात खोत हा सरकारसाठी सारा गोळा करणारा. पुढं तोच मालक होऊन बसला. कुळानं राबायचं, पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात घालायचा आणि वर वेठ करायची. खोताकडचं लग्न असो की घराची शाकारणी, कुळाच्या घरातलं माणूस तिथं फुकट हजर. चरीच्या भागात या अन्यायाला आणखी एक पदर होता. तिथली बरीचशी जमीन खारपाटाची. समुद्राचं उधाण रोखणारे बांध कुळांच्या वाडवडिलांनी चिखल उपसून घातले आणि दरवर्षी तेच ते बांधत आले. ज्या जमिनीवर खोत मालकी सांगत होता, ती जमीन खाडीतून वर काढली होती आगरी कुळांनी.

२७ ऑक्टोबर १९३३. भाताच्या कापणीचे दिवस. चरीत शेतकऱ्यांची सभा भरली आणि ठरलं की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावांनी नांगर खाली ठेवले. नारायण नागू पाटील हे धेरंडचे, याच मातीतले, आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात शेतकरी संघ उभा करणारे. सरकारनं सभांवर बंदी घातली, पुढाऱ्यांना अडवलं. संप मोडला नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, शेतं पड राहिली.

मुलांना या सहा वर्षांवर थांबवा. सहा वर्षं भातशेती नाही म्हणजे घरात भात नाही. माझी आजेसासू त्या पंचवीस गावांपैकी एका गावची. ती सांगायची की पुरुष मुंबईला नाहीतर मीठागरावर मजुरीला गेले, आणि बायका पहाटे डोंगरात जाऊन लाकडाची मोळी आणायच्या, ती विकून कण्या घ्यायच्या. एखाद्या घराच्या कौलांतून सकाळी धूर निघाला नाही, तर शेजारीण काही न विचारता सुपात पसाभर तांदूळ ठेवून यायची. ‘विचारलं असतं तर तिनं घेतलं नसतं,’ एवढंच आजी म्हणायची. सहा वर्षांचा संप म्हटला की मला भाषणांआधी हे सूप आठवतं. पुढाऱ्यांचं नाव घेताना या बायकांचं काम गाळलं, तर तो संप टिकला कसा हेच कळणार नाही.

आणि बांध? कुळांनी हात काढून घेतले तेव्हा बांधांची डागडुजी थांबली. बांधाला एकदा खांड गेली की भरतीचं पाणी आत येतं, जमीन खारावते, मग तिवरं उगवतात. या जमिनीत पीक का येत होतं, हे खोतांनाही तेव्हाच नीट कळलं असणार.

पुढचं मुलांनी तारखांसकट लिहावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या संपाला पाठिंबा दिला, आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच साली नारायण नागू पाटलांनी ‘कृषिवल’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. १० जानेवारी १९३८ ला ठाणे, कुलाबा, रत्नागिरीचे हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. महसूलमंत्री मोरारजी देसाईंना चरीच्या प्रश्नात लक्ष घालावं लागलं. १९३९ चा कूळकायदा आला, त्यात संरक्षित कूळ, म्हणजे मालकाला मनमानीनं जमिनीवरून काढता न येणारं कूळ, आलं. मग १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं मालक मानलं गेलं. या सगळ्यामागं एकटं चरी आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या सातबाऱ्यावर आज त्यांच्याच घराण्याचं नाव आहे, त्याची एक वाट चरीवरून आलेली आहे.

आमचं गाव महाड तालुक्यात. दरवर्षी २० मार्चला आम्ही चवदार तळ्यावर जातो. पण त्या दिवशी बाबासाहेबांबरोबर कोण होतं, परिषद कोणी भरवली, हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही सांगाल का? (एक तरुण, नालासोपारा)

तू विचारलंस याचा मला फार आनंद झाला. पाण्यापासूनच सुरुवात करते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसं पायी आली होती. मार्चमधलं महाडचं ऊन तुला ठाऊक आहे. जवळच चवदार तळं भरलेलं, आणि परिषदेला आलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. १९२७ चे चाळीस रुपये! ते जमवणारी, पाणी भरून आणणारी, मांडवासाठी धावणारी माणसं कोण, हाच तुझा प्रश्न आहे.

पहिलं नाव रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, महाड तालुक्यातल्या लाडवली गावचा. शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही इंग्रजी शाळेत प्रवेश मिळेना, तेव्हा या पोरानं वर्तमानपत्राला पत्र लिहून आपली तक्रार छापून आणली आणि प्रवेश मिळवला. महाडात परिषद भरवायची आणि तिला बाबासाहेबांनी यायचं, हा ध्यास मोऱ्यांचा. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. परिषद झाली तेव्हा ते चोविशीत होते, तुझ्याच वयाचे असतील. पुढं ते कम्युनिस्ट पक्षात गेले, ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक त्यांनी काढलं, पण बाबासाहेबांशी असलेला जिव्हाळा त्यांनी सोडला नाही. माझ्या मते मोरे मागं पडले ते यामुळेच. दोन चळवळींत पाय असलेल्या माणसाला दोन्हीकडचे लोक पाहुणा समजतात.

दुसरं नाव सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले पुढारी. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा ठराव त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडला आणि ४ ऑगस्ट १९२३ ला तो मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला त्याला धरून आपलं तळं खुलं केलं. या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. ठराव कागदावर राहिला, तळ्यावर जायची कोणाची हिंमत झाली नाही. पण कागद होता म्हणून सत्याग्रहींच्या हातात हक्क होता.

आता ती वेळ. २० मार्चला परिषद संपत आली, आभाराची भाषणं सुरू झाली. तेव्हा अनंत विनायक चित्रे उठले. इथं जमलोच आहोत, तर पाण्याची गैरसोय आहे ती आताच सोडवू, तळ्यावर जाऊ, अशा अर्थाचं ते बोलले. सभा उठली, चार-चारच्या रांगेत माणसं निघाली आणि बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर देवळात शिरणार अशी आवई उठवून जमावानं परतणाऱ्या लोकांना गाठून मारलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. तळं ‘शुद्ध’ करायला १०८ घागरी उपसून पंचगव्य ओतलं गेलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. बोल्यांचा ठराव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तेव्हा मांडव घालायला कोणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान यांनी. गावाच्या रोषाला तोंड देऊन आपल्या जमिनीवर मांडव घालू देणं हे लहान काम नव्हे. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्मानं ब्राह्मण होते. तळ्याचा खटला मग वर्षानुवर्षं चालला. उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ ला अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला.

आणि यांच्याही मागं एक म्हातारा उभा आहे. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि दापोलीच्या कॅम्पात राहिलेले. १८८८ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांचा जन्म व्हायच्याही आधी, त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं आणि शास्त्री-पंडितांना प्रश्न घातले. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी काढली. महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा सरकारला अर्ज लिहिला. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. दासगाव, महाड, दापोली या पट्ट्यात पेन्शनर शिपायांची घरं होती. शिकलेली, कवायत केलेली, अर्ज कसा लिहायचा हे माहीत असलेली. महाडला १९२७ मध्ये जे पेटलं, त्याची लाकडं या घरांनी चाळीस वर्षं रचली होती.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण रोह्याच्या बाईंनाही ती उपयोगी पडेल. आभाराच्या वेळी उठलेले हे चित्रेच चरीच्या संपात नारायण नागू पाटलांबरोबर उभे होते. १९३७ मध्ये ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि १९३८ च्या कौन्सिल हॉलवरच्या मोर्चातही होते. पहिल्या रांगेतली माणसं त्या त्या घटनेच्या तसबिरीत दिसतात. दुसऱ्या रांगेतला माणूस मात्र एका घटनेत धरला की तो पुढच्या तीन घटनांत सापडतो, आणि त्या घटना एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत ते कळतं. या सदरात मी ही नावं पुन्हा पुन्हा का घेते, त्याचं कारण हे आहे.

महाराष्ट्राचे सर्वांत कमी दिवसांचे मुख्यमंत्री कोकणातले, असं कोणीतरी सांगितलं. खरं का? (एक वाचक, चिपळूण)

हंगामी मुख्यमंत्री म्हणत असाल तर खरं आहे. बाळासाहेब सावंत, म्हणजे पी. के. सावंत. २४ नोव्हेंबर १९६३ ला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं निधन झालं आणि वसंतराव नाईक ५ डिसेंबरला येईपर्यंतचे दिवस सावंतांनी कारभार पाहिला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. तुम्ही कलमं आणायला तिथं जात असाल, तर पाटीवरचं नाव कोणाचं ते मुलांना सांगा.

तुमच्या मागच्या लेखात एकही बाई नव्हती. आमच्या देवरुखानं कोणी दिलीच नाही का? (एक गृहिणी, देवरुख)

दिली, आणि एकाच घरातून दोन. तुमची तक्रार रास्त आहे. महर्षी कर्व्यांचं नाव सगळे घेतात, म्हणून या दोघींकडे कोणी वळत नाही.

थोरली गोदूबाई जोशी. लग्न अगदी बालपणी, आणि लगेच वैधव्य. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा तिथं शिकायला आलेली पहिली विधवा ही देवरुखची मुलगी. ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, सगळ्यांची बाया, झाली. मुरुडला, म्हणजे दापोलीजवळच्या कर्व्यांच्या गावाला, हे लग्न सहन झालं नाही. गावानं बहिष्कार घातला. कर्वे मुंबई-पुण्यात काम करत होते. बहिष्काराचा रोजचा चटका कोणाला बसला असेल, ते सांगायला नको. पुढं बायांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं, संसाराला हातभार लावला, कर्व्यांच्या संस्थेसाठी वर्गणी मागितली. ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचनालयात मागा. त्यात आडपडदा नाही. नवऱ्यानं घरापेक्षा संस्थेला जास्त दिलं, ही सलही त्यांनी लपवलेली नाही.

धाकटी पार्वतीबाई आठवले. विशीत विधवा झाली, मूल पदरात. शिकली, कर्व्यांनी विधवांसाठी पुण्याजवळ हिंगण्याला काढलेल्या आश्रमात कामाला लागली आणि आश्रमासाठी पैसे गोळा करत गावोगाव फिरली. केशवपन केलेली बाई सभेत उभी राहून बोलते, हे तेव्हा लोक पाहायला यायचे. मग १९१८ मध्ये ती अमेरिकेला गेली. इंग्रजी जेमतेम, ओळख कोणाची नाही, पैसा नाही. तिथं घरकाम करून राहिली, इंग्रजी शिकली, आश्रमासाठी देणग्या मिळवून परत आली. ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये निघाली. तुमच्या गावच्या ग्रंथालयात ही दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी असायला हवीत. नसतील तर मागणी नोंदवा.

कोकण म्हटलं की तुम्ही रायगडच्या वर येतच नाही. डहाणू, तलासरी कोकणात नाही का? (निवृत्त ग्रामसेवक, डहाणू)

आहे, आणि राज्यापलीकडे सगळ्या देशात पोहोचलेलं एक काम तुमच्याच भागातून निघालं.

१९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तेव्हा त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली आदिवासींची मुलं बालवाडीत येईनात. आई-बाप कामावर, मोठं मूल धाकट्याला सांभाळतंय किंवा गुरं राखतंय, मग शाळेत येणार कोण? तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर नेली, झोपडीसमोरच्या अंगणात. सारवलेल्या जमिनीवर दगड, पानं, बिया मांडायच्या आणि मोजायला शिकवायचं. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरताहेत तिथंच वर्ग. महागडी साधनं आणायची नाहीत, जे पाड्यावर आहे त्यातूनच शिकवायचं, हा त्यांचा हट्ट होता. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज प्रत्येक गावात अंगणवाडीची पाटी आहे, पण कोसबाडचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

तलासरीचं सांगायचं तर वारल्यांच्या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकरांचं नाव अजून घेतलं जातं, जेठ्या गांगडचं फारसं नाही. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची सभा झाली आणि वेठ, लग्नगडीपणा सोडायचं ठरलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोनं सावकाराकडे जन्मभर राबायचं, ती लग्नगडी पद्धत. मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा आला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथं जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात पडलेल्या पाच जणांपैकी जेठ्या गांगड एक. गोदावरीबाईंचे पती शामराव परुळेकर हे १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडूनच निवडून आलेले, आणि १९३८ च्या मोर्चात चित्र्यांबरोबर होते. चरीहून निघालेली वाट तलासरीला पोचते ती अशी.

आमच्या कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांवर एक परिच्छेद तरी लिहा. (एक वाचक, कणकवली)

आनंदानं. जन्म १८९४, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळ्याचा. तत्त्वज्ञान शिकले, प्राध्यापक झाले, मग गांधीजींकडे गेले आणि कोकणात परतले. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते पुढं होते. पण मला १९३२ ची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. नियमाप्रमाणे ते काम ठराविक जातीच्या कैद्यांचं, त्यांना नाकारलं गेलं. अप्पांनी उपोषण धरलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी ३ डिसेंबरला उपवास सुरू केला. एका कैद्यानं मैला उचलायचा हक्क मागितला आणि सरकारला विचार करावा लागला.

पुढं त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथं मेलेल्या गुरांची कातडी सोलली, चामडं कमावलं, मैल्याचं खत करणारे संडास बनवले. हाडामांसाच्या वासात उभं राहून हे काम करणारा तत्त्वज्ञानाचा पदवीधर लोकांनी पाहिला. १९७१ मध्ये ते गेले. तुमच्याकडे गोपुरी अजून आहे. शाळेची सहल मालवणला नेताना वाटेत थांबवा.

चिरनेरला १९३० मध्ये गोळीबारात गेलेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो. पण जमावात असताना गोळी लागली म्हणून कोणी इतिहास घडवला असं म्हणता येईल का? मला कोणाचा अपमान करायचा नाही, खरोखर प्रश्न पडलाय. (बारावीचा विद्यार्थी, उरण)

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सरळ उत्तर देते. हो, म्हणता येईल.

२५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या रानात माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेली, ती वाट चुकून नव्हे. सरकारी जंगलात लाकूड तोडायचं, कायदा मोडायचा, हे ठरवून गेली. घरातून निघताना प्रत्येकानं तो निर्णय घेतला होता. गोळीबारात आठ सत्याग्रही गेले. मामलेदार केशव जोशीही त्याच गोळीबारात मरण पावले. चिरनेर गावचेच त्यात दोघं, धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी. बाकीचे आसपासच्या गावांतले.

नाग्याकडे बघ. कातकऱ्याला जमीन नाही. त्याचं सगळं जगणं रानावर, कंद, मध, लाकूडफाटा. जंगलकायद्यानं त्याच्या रोजच्या जगण्यालाच गुन्हा ठरवलं होतं. गावातल्या शेतकऱ्याला जंगल बंद झालं तर अडचण होती, नाग्याला उपास होता. देशाच्या लढ्यात तो त्या दिवशी आपला प्रश्न घेऊन गेला होता, आणि तो प्रश्न अजून संपलेला नाही. वनहक्काचा कायदा २००६ मध्ये आला, आणि आजही तुमच्या तालुक्यातल्या कातकरीवाड्यांना घराखालच्या जागेसाठी कचेरीत खेपा घालाव्या लागतात. चिरनेरच्या स्मारकावर आठही नावं गावांसकट आहेत. ती मोठ्यानं वाच आणि त्यातली किती आडनावं तुझ्या वर्गात आहेत ते बघ.

कोकणातल्या पैसेवाल्यांनी काहीच केलं नाही का हो? (एक व्यापारी, रत्नागिरी)

केलं की. तुमच्याच गावचे भागोजीशेठ कीर. गरीब भंडारी घरातून मुंबईला गेले, मोठे कंत्राटदार झाले. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये त्यांच्या पैशानं उभं राहिलं, आणि त्याचं दार पहिल्यापासून सगळ्या जातींना उघडं होतं. दादरची स्मशानभूमीही त्यांनीच उभारली. ६ डिसेंबरला लाखो माणसं तिच्या शेजारून चैत्यभूमीकडे जातात.

माझे पणजोबा खोताविरुद्धच्या लढ्यात होते असं घरात सांगतात. कागद एकही नाही. कुठं शोधू? (एक वाचक, पेण)

घरातलं सांगणं आधी लिहून काढा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं वय व गाव बाजूला लिहा. मग कागदांकडे वळा.

पहिला कागद जमिनीचा. तहसील कचेरीतून जुने फेरफार काढा. खोताचं नाव जाऊन कुळाचं नाव कधी लागलं, ते फेरफारात दिसतं. १९५७ नंतर कूळ मालक झालं असेल, तर कूळकायद्याच्या कलम ३२ ग ची (जमिनीची किंमत ठरवण्याची) कारवाई आणि ३२ म चा (खरेदीचा) दाखला असायला हवा. त्या कारवाईच्या फायलीत कधी कधी जबाब सापडतात, कूळ किती वर्षं कसत होतं, खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, काय देत होतं, सगळं त्याच्या तोंडचं. इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला हे मिळणार नाही.

दुसरा कागद शाळेचा. गावच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. संपाच्या काळात बऱ्याच मुलांची नावं एकदम कमी झालेली दिसली, तर तोही पुरावाच आहे.

त्यानंतर मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार. तिथं सभाबंदीचे हुकूम, कलेक्टरचे अहवाल असतात. १८८३ चं कुलाबा गॅझेटिअर आधी चाळून जा, म्हणजे तुमच्या भागातली खोती कशी चालायची ते कळेल आणि काय मागायचं ते ठरवता येईल. वर्तमानपत्रांचे जुने अंक बघताना पणजोबांच्या नावाबरोबर गावाचं नावही शोधा. तेव्हाच्या बातमीत ‘अमुक गावचे शेतकरी’ एवढंच असायचं.

फेरफाराची नक्कल मागताना अर्जात आजच्या गट क्रमांकाबरोबर जुना सर्व्हे क्रमांकही लिहा. नाहीतर कारकून तुम्हाला फक्त एकत्रीकरणानंतरचे, म्हणजे तुकडे जोडून गट पाडल्यानंतरचे, कागद देईल, आणि तुम्हाला हवं ते सगळं त्याच्या आधीचं आहे.